एक सूत म्हणजे तीन सूत

"अमावास्येला इंजिन खोललं, म्हणून तेल गळतंय." जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या एका गॅरेजात ट्रकमालकाने मला हे अगदी गंभीरपणे सांगितलं. गाडी जुनी, टाटा-मर्सिडीज. वडिलांनी रावेरची केळी हिच्यातूनच दिल्लीला नेलेली, त्यामुळे मोडीत काढायचा प्रश्नच नाही. गळती होती ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी. तीनदा टेप गुंडाळून झाली होती. मिस्तरी वैतागून म्हणाले, "आटा तर बसतो भाऊ, मग काय व्हयनं?"

चंद्राचा काही संबंध नव्हता. आटा, म्हणजे स्क्रूवरची गोल फिरत जाणारी खाच, बसत होता, घोटाळा तिथेच होता.

स्विच हार्डवेअरच्या दुकानातून 'एक सुती' म्हणून आणलेला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. पण एक सुती पाइप-आट्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीने मोजा, भरतो 9.73 मिमी, तीन सुतांहून किंचित जास्त! जुन्या काळी पाइपला नाव दिलं आतल्या पोकळीवरून आणि आटे पाडले बाहेरून. पोकळीचं माप बदललं, नाव तेच राहिलं. घरच्या 'अर्धा इंची' नळाचे आटे मोजलेत तर तेही 21 मिमीच्या आसपास निघतील.

या गाडीच्या इंजिनच्या ब्लॉकमधलं छिद्र मात्र मेट्रिक होतं, 10 मिमी व्यासाचं आणि 1 मिमी पिचचं. पिच म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू जेवढा पुढे सरकतो तेवढं अंतर. एक सुती आट्याला इंचात 28 फेरे, म्हणजे पिच 0.907 मिमी. छिद्र म्हणतं 1 मिमी सरक, स्विच म्हणतो मी 0.907 च सरकणार. पहिल्या फेऱ्याला फरक 0.093, तिसऱ्याला 0.28. स्विच थोडा बारीक असल्याने सुरुवातीचे दोन-तीन फेरे ढिलाईत खपून जातात, हाताने सहज फिरतात. मग जड लागतं आणि आपण समजतो, 'घट्ट बसला'. पुढे पान्याने जोर लावला की बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकपुढे स्विचचं पितळ चेंगरतं. टेपने हे सुधारत नाही. उलट तिचा तुकडा तुटून तेलाच्या वाटेत गेला तर नवं दुखणं.

ही भेसळ आली कुठून? इंजिनिअर व्हिटवर्थने 1841 मध्ये ब्रिटनसाठी 55 अंशांचा आटा सुचवला, म्हणजे दात्याच्या दोन बाजूंमधला कोन 55 अंश; सेलर्सने 1864 मध्ये अमेरिकेत 60 अंशांचा. आपल्याकडे टाटांचा डेमलर-बेंझशी करार 1954 ते 1969, ती जर्मन मेट्रिक परंपरा. लेलँड ब्रिटिश, फार्गो-डॉज अमेरिकन. धुळ्याच्या आग्रा रोडवर सगळ्याच धावल्या आणि एकीचे भाग दुसरीला लागले. त्यामुळे बॉनेटवरचं नाव वाचून आटा ओळखू नये.

मला आवडते ती ओळखण्याची युक्ती. पिच माहीत असलेला बोल्ट घ्या. सहा मिमीचा साधा बोल्ट, ज्याला दहा नंबरचा पाना लागतो, त्याचा पिच बरोबर 1 मिमी असतो. दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तसे त्याचे आटे स्विचच्या आट्यांत बसवा आणि उजेडाकडे धरा. पिच एकच असेल तर सगळे दाते बसतील. नसेल तर सात आट्यांत 0.65 मिमीचा फरक साचेल, म्हणजे अर्ध्याहून अधिक दाता! एका आट्यात न दिसणारा फरक सात आट्यांत डोळ्यांना दिसतो. व्हर्नियर कॅलिपर याच तत्त्वावर चालतो. पाव इंची यूएनएफ (बारीक इंची आट्याचा) बोल्ट इंचात 28 आट्यांचा, तोही जपून ठेवा. अमेरिकन एक सुती पाइप-आटा 27 चा असतो. या 28 च्या बोल्टशी तो जुळवला तर सात आट्यांत जेमतेम 0.24 मिमी फरक पडतो. नजर तयार लागते, पण कडेला उजेडाची फट दिसते.

अर्धा इंचीला ही युक्ती फसते. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही पाइप-आटे इंचात 14 च. पिच जुळतो, म्हणून आटा हुज्जत न घालता आत जातो. पण कोन 55 आणि 60, त्यामुळे दात्यांच्या बाजू पृष्ठभागाने टेकत नाहीत, नुसत्या रेघेने टेकतात. शिवाय ब्रिटिश आट्याचं टोक गोल, अमेरिकन आट्याचं सपाट. उरलेल्या फटीतून तेल कन्नड घाटातल्या वाहनासारखं वळणं घेत बाहेर पडतं. इथे कोनाचा गेज लावूनच बघावं लागतं.

आमच्या मिस्तरींनी खोक्यातला सहा मिमीचा बोल्ट काढला, स्विचला लावला, बल्बकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता स्विच काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी मेट्रिक स्विच आला. ब्लॉकमधले आटे शाबूत होते, पितळानेच मार खाल्ला होता. मालकाने मात्र प्रतिपदा लागेपर्यंत गाडीला चावी लावू दिली नाही.