कियांती : लाल वाइनमधली पांढरी द्राक्षं

इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या टेकड्या म्हणजे कियांती या लाल वाइनचा मूळ प्रदेश. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ सालीच फर्मान काढून त्याची हद्द आखून दिली होती.

या वाइनचा जीव सांजोवेझे या वाणात आहे. आपल्याकडे अकलूज परिसरातही त्याची लागवड झाली आहे. वाण तसं हट्टी. उशिरा पिकतं, साल पातळ, रंग बेताचा, आंबटपणा मात्र भरपूर. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की घड सडू लागतात. वाइन कोवळी असताना जिभेला टोचते, म्हणून तिच्यात दुसरी द्राक्षं मिसळायची जुनी रीत.

या मिश्रणाची घडी बसवली बेत्तीनो रिकासोलीने. कावूरनंतर १८६१ मध्ये इटलीचा पंतप्रधान झालेला हा उमराव ब्रोलियोच्या आपल्या गढीत वर्षानुवर्षं प्रयोग करत होता. १८७२ मध्ये पिसाचे प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहून त्याने निष्कर्ष कळवले : सुगंध आणि जोम सांजोवेझेचा, कानायोलो या दुसऱ्या लाल द्राक्षाने तिची धार मऊ होते, आणि मालवाझिया या पांढऱ्या द्राक्षाने वाइन हलकी, रोज पिण्याजोगी होते. मुरवायच्या वाइनमध्ये मात्र मालवाझिया टाळावं, हेही त्याने लिहिलं होतं.

नेमकी ही अट पुढे गळाली. १९६७च्या नियमांनी प्रत्येक कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं सक्तीची केली. त्यात भरघोस पिकणारं पण चवीला सपक त्रेब्बियानोही आलं. निम्म्या वाट्याने जमीन कसण्याची जुनी पद्धत तेव्हा मोडत होती आणि नव्या बागा उत्पन्नावर डोळा ठेवून लागत होत्या. गवताने विणलेल्या गोल बाटलीतली पातळ, स्वस्त वाइन हीच कियांतीची ओळख झाली. माझ्या मते या वाणावर झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय.

बंड केलं ते उत्पादकांनीच. आंतिनोरी घराण्याने १९७१च्या ‘तिन्यानेल्लो’वरून कियांतीचं नाव काढलं, साध्या ‘टेबल वाइन’चा शिक्का पत्करला आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण वगळली. मोन्तेवेर्तीनेची निव्वळ सांजोवेझेची ‘ले पेर्गोले तोर्ते’ १९७७ची. कायद्याच्या लेखी सर्वांत खालच्या दर्जाच्या या वाइन मानाच्या कियांतीहून चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या.

१९८४ मध्ये मूळ प्रदेशातल्या कियांतीत, म्हणजे कियांती क्लासिकोत, पांढऱ्या द्राक्षांची सक्ती २ ते ५ टक्क्यांवर आली. १९९६ मध्ये क्लासिकोला शंभर टक्के सांजोवेझेची मुभा मिळाली आणि २००६ पासून तिथे पांढरी द्राक्षं बंदच झाली. आजूबाजूच्या विस्तारित प्रदेशातल्या साध्या कियांतीत ती थोड्या प्रमाणात आजही चालतात. क्लासिकोची बाटली तिच्यावरच्या काळ्या कोंबड्याच्या चिन्हावरून ओळखता येते.