नकोसे ईमेल (वैयक्तिक डोमेनवरील)

नकोसे ईमेल (वैयक्तिक डोमेनवरील) : स्वतःचे डोमेन (इंटरनेटवरचे आपल्या मालकीचे नाव) घेऊन त्यावर ईमेल चालवणाऱ्याकडे न मागवलेल्या जाहिराती, खोटी बिले, धमक्या व आपण न धाडताच परतून आलेले मेल, आणि त्यांना आवर घालण्याच्या रीती. ‘स्पॅम’ हा शब्द मराठीत रुळला आहे. विदर्भातल्या गावांत बोलताना ‘फालतू मेल’ म्हणतात. फुकटच्या खात्यावर खऱ्या आणि फालतू मेलांची निवड मेल पुरवणारी कंपनी परस्पर करते, खातेदाराला त्याचा पत्ताही लागत नाही. डोमेन स्वतःचे असले की राखण करण्याचे काम डोमेनधारकाकडे येते, मग त्याला ते माहीत असो वा नसो.

ग्रामीण विदर्भात असे डोमेन वरुड-मोर्शी पट्ट्यातला संत्रा बागायतदार घेतो, ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळचा होमस्टेवाला घेतो, वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची थेट गिऱ्हाइकाला विकणारा गट घेतो. साइट बहुधा तालुक्याच्या एखाद्या पोराने करून दिलेली असते. तो पुढे पुण्याला नोकरीला लागतो आणि होस्टिंगचा (साइट व मेल ठेवायच्या भाड्याच्या जागेचा) पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. अशा डोमेनवर खरे मेल आठवड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ताडोबाचा गाभा भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतो. तेव्हा तर पेटीत फालतूच फालतू. म्हणून मोठ्या कंपनीची आणि मोहर्लीच्या चार खोल्यांची अडचण एक नाही. कंपनीचा हजारांतला एक खरा मेल गळला तर चालून जाते. इथे तो एक मेल म्हणजे दिवाळीच्या आठवड्याचे बुकिंग असते. मग नागपूरहून फोन येतो, ‘मेल टाकला होता ना जी, भेटला नाई काय?’ तोवर त्या माणसाने दुसरीकडे खोली घेतलेली असते.

दुखण्याचे मूळ : ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थ्यूर्क या विक्री अधिकाऱ्याने आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. हा पहिला स्पॅम मानतात. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला एसएमटीपी हा मेल वाहून नेण्याचा नियमसंच आला. तो ओळखीपाळखीच्या विद्यापीठांसाठी होता. पाठवणारा खरा कोण, हे तपासायची तरतूदच त्यात नव्हती. पोस्टकार्डावर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहावे, पेटीत टाकावे, आणि पोस्टाने ते मुकाट्याने पोचवावे, तसा हा कारभार. नंतरचे सगळे उपाय म्हणजे या जुन्या घराला मागाहून लावलेल्या कड्या आहेत.

पत्ता हाती कसा लागतो : वेबसाइटच्या तळाशी मोकळा लिहिलेला पत्ता पानोपान फिरणारे प्रोग्राम उचलतात, हा सर्वांत सोपा मार्ग. दुसरा अंदाजाचा. ‘इन्फो’, ‘ॲडमिन’, ‘सेल्स’, ‘काँटॅक्ट’ ही नावे कोणत्याही डोमेनपुढे लावून मेल धाडले जातात, लागला तर लागला. तिसऱ्याची कल्पना अनेकांना नसते. डॉट कॉमसारख्या विभागांतल्या नोंदलेल्या नावांच्या याद्या रोज उपलब्ध होतात आणि नव्या साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची नोंद तर सार्वजनिकच असते. त्यामुळे डोमेन घेऊन आठवडा होत नाही तोच ‘आपला लोगो करून देतो’, ‘साइट गूगलवर पहिली आणतो’ असे मेल सुरू होतात. मे २०१८ पर्यंत नोंदणी करणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन व ईमेल ‘हूइज’ या उघड यादीत कोणालाही दिसे. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाल्यावर बहुतेक नोंदणीदार (डोमेन विकणाऱ्या) कंपन्यांनी ती माहिती झाकली. त्याआधी उचललेल्या याद्या मात्र आजही विकल्या जातात.

साइटवरचा चौकशीचा फॉर्म हा चौथा रस्ता. त्यातून येणारा मेल आपल्याच सर्व्हरने आपल्याला पाठवलेला असल्याने तो स्पॅमच्या गाळणीत सहसा अडकत नाही. यावर साधा उपाय असा की फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारी एक जादा चौकट ठेवायची. यंत्र ती भरते, माणूस भरत नाही. भरलेली आली की टाकून द्यायची. वाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चाही चालतो, पण रेंज अर्धवट असलेल्या गावात चित्रे उघडेपर्यंत खरे गिऱ्हाईकच कंटाळते. लपवलेली चौकट त्यापेक्षा बरी.

कॅच-ऑल : डोमेनपुढे काहीही लिहिले तरी तो मेल एकाच पेटीत जमा करणारी सोय. होस्टिंगच्या पॅनलमध्ये ती ‘डीफॉल्ट ॲड्रेस’ या नावाने सापडते. पत्ता लिहिताना गिऱ्हाइकाची चूक झाली तरी मेल हरवत नाही, हा तिचा फायदा. आणि अंदाजाने धाडलेले शेकडो मेलही तितक्याच आदराने आत घेतले जातात, हा तोटा. स्वस्त सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) याची झळ वेगळीच लागते. तिथे मेल आणि वेबसाइट एकाच जागेच्या कोट्यात असतात. कोणी न उघडलेली डीफॉल्ट पेटी वर्षभर भरत राहते, कोटा संपतो, आणि ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत संत्र्याच्या व्यापाऱ्याचे मेल ‘पेटी भरली आहे’ असा शेरा घेऊन परत जातात. बागायतदाराला वाटते, यंदा मागणीच नाही.

कॅच-ऑल बंद ठेवून लागतील तेवढेच पत्ते काढणे हा सुरक्षित मार्ग. पण स्वतःच्या डोमेनची खरी गंमत अर्धवट उघड्या दारात आहे. ज्याला पत्ता द्यायचा त्याच्या नावाचाच पत्ता द्यायचा : बियाण्याच्या दुकानाला ‘बियाणे’, ट्रॅक्टरच्या शोरूमला ‘ट्रॅक्टर’, कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलच्या वहीत ‘प्रदर्शन’, अर्थात रोमन लिपीत. सहा महिन्यांनी ‘प्रदर्शन’ या पत्त्यावर वैयक्तिक कर्जाची जाहिरात आली की वही कोणी विकली हे विचारत बसावे लागत नाही. तेवढा पत्ता बंद करायचा, बाकीच्यांना धक्का नाही. ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता मात्र बंद करू नये. मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक डोमेनवर तो चालू असावा, असा एसएमटीपीचाच नियम आहे.

आपल्याच नावाने आलेला मेल : गावात सर्वांत घाबरवणारा प्रकार हा. ‘मी तुमचा संगणक ताब्यात घेतला आहे, पुरावा म्हणून हा मेल तुमच्याच पत्त्यावरून पाठवला आहे, दोन दिवसांत बिटकॉइन भरा’ असा मजकूर, आणि पाठवणाऱ्याच्या जागी खरोखर आपलाच पत्ता. ताब्यात काहीही गेलेले नसते. पोस्टकार्डावर आपले नाव लिहिलेले असते, इतकेच. मेलचा मूळ मजकूर उघडून ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ ही ओळ वाचली की उलगडा होतो. तिथे ‘एसपीएफ’ (पाठवणाऱ्या सर्व्हरची तपासणी, पुढे पाहा) या शब्दापुढे बहुधा ‘फेल’ लिहिलेले सापडते. काहीच लिहिलेले नसेल, तर डोमेनवर ती नोंदच केलेली नाही असे बहुधा समजावे.

या नोंदी तीन. एसपीएफ (२००६, सुधारित २०१४) म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमध्ये (डोमेनच्या उघड नोंदवहीत) लावलेली यादी. डीकेआयएम (सध्याचे रूप २०११) प्रत्येक मेलवर सांकेतिक सही करते. डीमार्क (२०१५) त्या दोन्हींची दिसणाऱ्या पत्त्याशी सांगड घालते व न जुळल्यास काय करायचे ते सांगते : ‘नन’ म्हणजे नुसते कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे बाजूला ठेवा, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातून परत पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशेबाने दिवसाला ५,००० वर) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या केल्या, आणि लहान डोमेनांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतेच. म्हणजे या नोंदी नसल्या तर खोटे मेल येतात आणि शिवाय आपले खरे कोटेशन समोरच्याच्या जंकमध्ये जाऊन पडते.

नेहमी दिसणारी चूक एकच. होस्टिंगवाल्याने एक एसपीएफ नोंद लावलेली असते आणि मेल सेवा बदलताना दुसरी तिच्याखाली जोडली जाते. नियमाप्रमाणे डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते; दोन झाल्या की तपासणीच निकामी ठरते. दोन्ही याद्या एका ओळीत आणाव्या लागतात, आणि त्यातून होणाऱ्या डीएनएस विचारणा दहापुढे जाऊ देऊ नयेत. डीमार्कचे अहवाल (आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवले याचे) मागवले तर जगभरच्या सर्व्हरांकडून रोज दाबून लहान केलेल्या एक्सएमएल (यंत्राने वाचायच्या) फायली येतात. फालतू मेल कमी करायला निघालेल्या माणसाची पेटी भरायला तेवढे पुरते! त्यांना वेगळा पत्ता द्यावा. ज्या डोमेनवरून मेल पाठवायचाच नाही त्यावर ‘कोणालाही परवानगी नाही’ अशी एसपीएफ व ‘रिजेक्ट’ची डीमार्क नोंद लावून मोकळे व्हावे.

गाळणी : सामायिक होस्टिंगवर बहुधा २००१ मध्ये सुरू झालेला स्पॅमअसॅसिन हा मुक्त प्रोग्राम असतो. तो प्रत्येक मेलला खुणांवरून गुण देतो आणि बेरीज ५ झाली की स्पॅम ठरवतो. गुणांची मर्यादा खाली आणली की गाळणी कडक होते. ग्रामीण डोमेनवर तसे करू नये, वाटल्यास ७ वर न्यावी. फालतू दहा मेल हाताने पुसायला मिनिट लागत नाही.

याच प्रोग्रामात शिकून घेणारी एक बाजू आहे. कोणते शब्द खऱ्या मेलात येतात, कोणते खोट्यात, याचा हिशेब बेझच्या संभाव्यता-नियमाने ती ठेवते. पण किमान २०० खोटे आणि २०० खरे मेल दाखवल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही. खोटे २०० पंधरवड्यात जमतात. दिवसाला दोन खरे मेल येणाऱ्या मिरचीवाल्याला खऱ्यांची दोनशे भरायला शंभर दिवस लागतात, तेही न विसरता प्रत्येक मेल दाखवला तर. त्यात मेल कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी रोमन लिपीतल्या मराठीत. ‘भाव काय आहे’ हे तीन तऱ्हांनी लिहिलेले यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात.

ग्रेलिस्टिंग या २००३ पासूनच्या युक्तीत अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगतात. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅमवाला सहसा येत नाही. युक्ती नामी, पण ओटीपीचा मेल त्यात अडकला तर दहा मिनिटांची मुदत दारातच संपते. सरकारी पोर्टलवर नोंदणी ज्या पत्त्याने करायची त्यावर ती लावू नये. बदनाम सर्व्हरांच्या काळ्या याद्या, उदाहरणार्थ १९९८ मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहाउस या संस्थेच्या, हे काम होस्टिंगवाला परस्पर पाहतो. स्वस्त होस्टिंगवर शेजारच्या साइटने स्पॅम धाडला तर एकाच आयपी पत्त्यामुळे (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकामुळे) आपणही त्या यादीत जातो, एवढे लक्षात असावे.

बहुतेक जण डोमेनचे मेल जीमेलकडे वळवून फोनवर वाचतात. वळवलेला मेल आपल्या सर्व्हरवरून येतो, मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ यादीत तो सर्व्हर नसतो, त्यामुळे खराही संशयित ठरतो. वर आपण स्वतःच जीमेलकडे स्पॅम ढकलत असल्याची नोंद होते. वळवण्याऐवजी फोनच्या मेल ॲपमध्ये डोमेनचे खाते आयमॅपने (सर्व्हरवरचीच पेटी फोनवर दाखवणाऱ्या सोयीने) सरळ जोडावे.

फसवणूक व कायदा : ‘डोमेनची मुदत संपत आहे, आज भरा’ हे बिल सर्वांत चालते, कारण मुदत खरोखर कधीतरी संपतच असते. पैसे फक्त नोंदणीदार कंपनीच्या पॅनलमध्ये स्वतः जाऊन भरावेत. भारतात ईमेल स्पॅमविरुद्ध वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. तोतयेगिरीने फसवण्यास ६६ड लागू होते. नकोशा जाहिरातींच्या तक्रारीचा १९०९ हा क्रमांक फोन व एसएमएसपुरता आहे, मेलला नाही. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

डोमेन सोडताना : साइट बंद पडली म्हणून डोमेनचे नूतनीकरण थांबवणे हा इथला नेहमीचा शेवट. डॉट कॉमचे नाव मुदतीनंतर सवलतीच्या काही दिवसांतून जाते, मग ३० दिवस जादा पैशांत सोडवता येते, आणि आणखी ५ दिवसांनी कोणालाही मोकळे होते. नवा धनी कॅच-ऑल लावतो आणि जुन्या मालकाचे मेल त्याच्या पेटीत पडू लागतात, पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांसकट. बँक, विमा, जीएसटी आणि बाजार समितीकडचा पत्ता त्याआधी बदलावा लागतो, आणि वेगवेगळे पत्ते दिले असतील तर ते कोणाला कोणते दिले याची वही तेव्हा उपयोगी पडते.