हैदराबाद, पुणे आणि आता औंढा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात ‘ओजेटी’ आली आणि मराठवाड्यातल्या विज्ञान विभागांत एक जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला : पोरांना पाठवायचं कुठं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेल्या अभ्यासक्रमात या ओजेटीला, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगला, चार क्रेडिट आहेत. एखाद्या कंपनीत, प्रयोगशाळेत किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं आणि तिथला सही-शिक्का घेऊन यायचं. छत्रपती संभाजीनगरच्या मुलाला चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती जवळ आहेत. वसमत, केज, भूम इथल्या मुलानं काय करायचं? तो गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जातो, नाहीतर ओळखीनं शिक्का आणतो. शिक्का आणणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ही परिस्थिती काल-परवाची नाही. इथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला संधी नव्हती असं कधीच नव्हतं. तिचा पत्ता मात्र नेहमी दुसऱ्या गावचा होता.

सुरुवातीला तो पत्ता हैदराबादचा होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. शिकवण्याचं माध्यम उर्दू, अगदी विज्ञानाचंसुद्धा. पाठ्यपुस्तकं उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग उघडला होता. तिथे पंडित आणि मौलवी बसून शास्त्रीय शब्द घडवत. भौतिकशास्त्र म्हणजे ‘तबीयात’, रसायनशास्त्र म्हणजे ‘कीमिया’. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग त्या काळात धाडसाचाच म्हणायला हवा, आणि त्याचं श्रेय नाकारू नये. फक्त ती भाषा मराठवाड्यातल्या बहुतेक घरांची नव्हती. घरी मराठी, कचेरीत आणि वर्गात उर्दू, पुढं शिकायचं तर इंग्रजी. तीन भाषा ओलांडल्यावर विज्ञान हाती यायचं. औरंगाबादला 1923 पासून इंटरमीडिएट कॉलेज होतं. बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. पण इंटर झालं की पदवीसाठी हैदराबादची गाडी धरावी लागे. ज्याच्या घरी जमीन किंवा नोकरी, त्यालाच हे परवडायचं.

मुक्तीनंतर दोन वर्षांतच चित्र हललं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थ आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातली मंडळी होती. एका टोकाला मिलिंद, दुसऱ्या टोकाला पीपल्स. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची दोन्ही बीजं राजकीय लढ्यातून आली, सरकारी योजनेतून नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मिलिंदच्या वसतिगृहांत जी मुलं आली त्यांच्या घरात त्याआधी शाळेचा उंबराही कुणी ओलांडलेला नव्हता. त्या मुलांतली काही पुढं प्रयोगशाळेत उभी राहिली. मराठवाड्यातल्या विज्ञान शिक्षणाच्या इतिहासात यापेक्षा मोठी उडी मला दिसत नाही.

1956 ला राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबादशी शैक्षणिक नाळ तुटली. 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठाचा परिसर वसला. आता पदवीसाठी, पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जायची गरज उरली नाही. पदवी घेऊन करायचं काय, याचं उत्तर मात्र ठरलेलं होतं : मास्तर. शाळा निघत होत्या, कॉलेजं निघत होती, बी.एस्सी. झालेल्याला गणित-विज्ञानाचा शिक्षक म्हणून लगेच घेत. एका पिढीचं संपूर्ण करिअर यात मावलं. म्हणून आजही आमच्याकडं ‘बी.एस्सी. करतोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘मग बी.एड. कुठून करणार?’

शिक्षकाच्या नोकरीपलीकडची वाट दोन ठिकाणी दिसायला लागली, आणि दोन्ही शेतीच्या बांधावरून गेल्या. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, उभी केली. 1998 ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्यांच्या मागोमाग जालन्यात बियाणे कंपन्यांची रांग लागली. तिथल्या गुणवत्ता प्रयोगशाळांत वनस्पतिशास्त्राच्या मुलांना काम मिळू लागलं : उगवणशक्तीची चाचणी, शुद्धता तपासण्यासाठी ग्रो-आउट टेस्ट, पुढं डीएनएच्या चाचण्या. बॉटनी घेऊन नोकरी लागते, हे मराठवाड्यात पहिल्यांदा जालन्यानं दाखवलं. दुसरं ठिकाण परभणी. 18 मे 1972 रोजी तिथं मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. लगोलग 72 चा दुष्काळ पडला, म्हणजे विद्यापीठाला पहिला धडा आभाळानंच दिला. भेंडीवरच्या पिवळ्या रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’, नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून आलेला ‘एनएचएच 44’ हा संकरित वाण, बदनापूरच्या तुरी : संशोधन म्हणजे काय हे आमच्या वडिलांना या नावांवरून कळलं. भौतिकशास्त्राच्या कुठल्याही शोधानं मराठवाड्यात तेवढी घरं गाठलेली नाहीत.

1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच पुढं होते. मागण्या होत्या रोजगाराच्या, उद्योगांच्या, मीटरगेज रेल्वेच्या रुंदीकरणाच्या. रेल्वेचा आणि संशोधनाचा काय संबंध, असं वाटेल. ज्यानं मनमाडला गाडी बदलून मुंबईच्या मुलाखतीला जायचा प्रवास केलाय, त्याला विचारा. टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून पुण्यात. नांदेडच्या मुलासाठी दोन्ही एका रात्रीच्या, कधी त्याहून लांबच्या प्रवासावर होत्या. ऐंशीच्या दशकात वाळूजला बजाज ऑटो आली, त्या आसपास औषध कंपन्या आल्या, आणि रसायनशास्त्राचा भाव वधारला. ‘क्यूसीत लागला’, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये, हे वाक्य तेव्हापासून लग्नाच्या बैठकीतही चालतं. औषधातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र चालवता येणारी पोरं शिफ्टमध्ये गेली. ऑरगॅनिक आणि अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीच्या जागांसाठी रांगा लागल्या, आणि भौतिकशास्त्राचे वर्ग ओस पडू लागले.

मधल्या काळात लातूरमध्ये वेगळंच घडत होतं. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बारावीच्या विज्ञानाची जी शिस्त लावली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. सराव परीक्षा, पहाटेपासून अभ्यास, मास्तरांचं घरी येऊन बघणं. त्या पॅटर्ननं खेड्यातल्या हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, यात वाद नाही. पण विज्ञान हा विषय एका प्रवेश परीक्षेपुरता आहे, अशी समजूतही तिथूनच घट्ट झाली. नंबर लागला तर एमबीबीएस, नाही लागला तर ‘घे बी.एस्सी.ला, तोवर रिपीट कर.’ बी.एस्सी.चं पहिलं वर्ष हे एसटी स्टँडवरच्या बाकासारखं झालं, गाडी येईपर्यंत बसायचं. गंमत अशी की डिसेंबर 2008 ला केंद्र सरकारनं ‘इन्स्पायर’ योजना सुरू केली ती नेमकी हीच गळती थांबवायला. बारावीच्या मंडळात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या मुलानं मूलभूत विज्ञान घेतलं तर वर्षाला 80,000 रुपये. त्यातले 60,000 मुलाच्या हातात, 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. आमच्याकडं पहिल्या एक टक्क्यातली मुलं पुष्कळ, ती बी.एस्सी.कडं फिरकत नव्हती, एवढीच अडचण.

1993 आणि 1994 ही दोन वर्षं वेगळी सांगायला हवीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर, हा समज त्या रात्री मोडला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ औसा-उमरगा भागात आले, भूकंपमापक बसले, पुढं जमिनीत खोल विवरं घेतली गेली. देशोदेशीच्या शोधनिबंधांत किल्लारीचं नाव आलं. त्या निबंधांच्या लेखकांत मराठवाड्याच्या कॉलेजांतली नावं मात्र शोधावी लागतात. घर आमचं पडलं, अभ्यास बाहेरच्यांनी केला, आणि यात त्यांची चूक नव्हती. आमच्याकडं भूभौतिकीचा विद्यार्थीच तयार नव्हता.

14 जानेवारी 1994 ला, सोळा वर्षांच्या लढ्यानंतर, मराठवाडा विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पुढं 2005-06 पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप आली, नंतर राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप. या पैशांनी प्रयोगशाळेतल्या माणसांची ठेवणच बदलली. पीएच.डी. हा पूर्वी नोकरीतल्या प्राध्यापकाचा उद्योग होता, तो आता शेतमजुराच्या मुलीचा पूर्णवेळ पेशा होऊ शकला. पैसे वेळेवर यावेत म्हणून उपोषणाला बसावं लागतं, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

उन्हाळी संशोधनाबद्दल एक अनुभव सांगतो. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना बंगळुरूच्या एका संस्थेचं पत्रक कॉलेजात आलं होतं. दोन महिने शास्त्रज्ञाबरोबर काम, राहायची सोय, वर विद्यावेतन. ते पत्रक मला दिसलं मार्चमध्ये, कार्यालयातल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर. मुदत जानेवारीत संपली होती. बाबूंनी शांतपणे सांगितलं, ‘असले कागद लई येतात, सर.’ मी तेव्हा सर नव्हतो, पण ते सगळ्यांनाच सर म्हणत. संधी दारापर्यंत आली होती, फक्त दार वाजवलं नव्हतं. आज ती अडचण नाही, मोबाइलवर सगळं दिसतं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राचे सुट्टीतले कार्यक्रम, आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांमधले प्रकल्प. आता अडतं ते वेळापत्रकावर. ही कामं मे महिन्यात सुरू होतात आणि आमच्या विद्यापीठांच्या परीक्षा कधी मे, कधी जूनपर्यंत रेंगाळतात. निवड झालेल्या मुलीला पेपर सोडायचा की फेलोशिप, हे ठरवावं लागतं. मराठवाड्यातल्या घरात मे महिना म्हणजे पेरणीपूर्व कामं, पाण्याचे टँकर आणि लग्नं; ‘दोन महिने बंगळुरूला कशाला?’ हा प्रश्न त्यानंतर येतो.

जवळ काहीच नाही, असंही आता म्हणवत नाही. जालन्याजवळ 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आहे, तिथल्या अभ्यासक्रमात कारखान्यातलं काम वर्गाइतकंच गुंफलेलं आहे. संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं केंद्र आहे, कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांच्या नावाचं; नदीतल्या माशापासून शेतातल्या किड्यापर्यंत सगळ्यांची ओळख तिथं जनुकावरून पटवतात.

आणि औंढा. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या यंत्रांनी गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून उठणारा अतिसूक्ष्म कंप, पहिल्यांदा टिपली, 11 फेब्रुवारी 2016 ला जगाला सांगितलं, आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या लायगोला तत्त्वतः मान्यता दिली. जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ. एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांना अंतिम मंजुरी मिळाली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर, आत निर्वात पोकळी, आणि लेसर किरणानं मोजायचा बदल प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा हजारो पट लहान. अशा यंत्राला हवी असते शांतता : मोठे कारखाने नाहीत, वर्दळ नाही, जमिनीची थरथर कमी. म्हणजे वर्षानुवर्षं विकासाच्या अनुशेषाच्या अहवालांत जे उणं म्हणून मोजलं, तेच इथं गुण ठरलं. नागनाथाच्या दर्शनाला आलेला माणूस आता रिक्षावाल्याला विचारतो, ‘ते लायगो कुठं हाय?’

तिथं काम सुरू झालं तरी पहिल्या दिवशी स्थानिक पोरांना मिळेल ते चौकीदाराचं आणि चालकाचं, ही भीती खरी आहे. निर्वात तंत्रज्ञान, प्रकाशशास्त्र, नियंत्रण यंत्रणा आणि माहितीचं विश्लेषण यांतली माणसं लागणार, आणि ती घडायला दहा वर्षं लागतात. त्यातली बरीच वर्षं सरलीत. हिंगोली, वसमत, परभणीच्या भौतिकशास्त्र विभागांत आज पंधरा-वीस मुलं बसत असतील तर त्यातल्या दोघा-तिघांना नोव्हेंबरात अकादम्यांचा अर्ज भरायला बसवणं हे लायगोच्याच कामाचा भाग आहे.

यंदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘सर, ओजेटी औंढ्याला मिळेल का?’ मी म्हटलं, अजून नाही, तिथं बांधकाम चालू आहे. आयुकाला लिहून बघू. तिनं वहीत आयुकाचा पत्ता लिहून घेतला. अर्ज भरायची तारीख बघितली तर ती दिवाळीच्या सुट्टीत येत होती, आणि शिफारसपत्रावर सही करणारे विभागप्रमुख तेव्हा गावी जाणार होते. तिनं सही सुट्टीच्या आधीच घेऊन ठेवली.