विजयसंख्या आणि धावफरक: नव्या हंगामाचा अंदाज कशावरून बांधावा

मेजर लीग बेसबॉलचा नवा हंगाम तोंडावर आला की दर मार्चमध्ये तोच घोळ नव्याने घातला जातो. गेल्या वर्षी संघाने किती सामने जिंकले हे पाहायचे, त्यात नव्याने घेतलेल्या दोन-तीन खेळाडूंची भर घालायची, सोडून गेलेल्यांची वजाबाकी करायची आणि आकडा जाहीर करायचा. संघाची विजयसंख्या म्हणजेच त्याची ताकद, असे या हिशेबात न बोलता गृहीत धरलेले असते आणि सगळी गफलत तिथेच होते.

विजयसंख्येविषयी फार सांगायला नको. हंगामात १६२ सामने असतात, ८१ विजय म्हणजे निम्मे, आणि नव्वदीच्या आसपास पोहोचलेल्या संघाला बाद फेरीची आशा धरता येते. धावफरक म्हणजे हंगामभरात केलेल्या धावांतून प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या धावा वजा करून उरलेला आकडा. क्रिकेटमधल्या नेट रनरेटची सवय असलेल्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की बेसबॉलमध्ये दोन संघांचे विजय सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसांतील सामन्यांचे निकाल पाहतात; तिथे धावफरकाला कोणी विचारत नाही. बाद फेरीत कोण जाणार हे विजयच ठरवतात, त्याबद्दल वाद नाही. पुढच्या वर्षी काय होईल, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

२०२३ चा हंगाम घ्या. मायामी मार्लिन्सने ८४ सामने जिंकून बाद फेरी गाठली. सॅन डिएगो पाद्रेस ८२ वर थांबले आणि घरी बसले. मार्लिन्सने ६६६ धावा केल्या आणि ७२३ दिल्या, म्हणजे फरक उणे ५७. पाद्रेसने ७५२ केल्या आणि ६४८ दिल्या, म्हणजे फरक अधिक १०४. धावफरकातल्या साधारण दर दहा धावांमागे ८१ च्या वर किंवा खाली एक विजय हा जुना ठोकताळा लावला, किंवा बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचे सूत्र (केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज) वापरले, तरी पाद्रेसची कामगिरी नव्वदीच्या किंचित वरच्या संघाची आणि मार्लिन्सची पंचाहत्तरीच्या आसपासच्या संघाची ठरते. तक्त्यात मात्र मार्लिन्स दोन विजयांनी पुढे होते.

ही तफावत आली कुठून? मुख्यतः एका धावेने सुटलेल्या सामन्यांतून. असे सामने मार्लिन्सने ३३ जिंकले आणि १४ हरले, तर पाद्रेसने ९ जिंकले आणि २३ हरले. जादा डावांत गेलेल्या १४ सामन्यांपैकी पाद्रेसच्या पदरात अवघे दोन पडले. माझा खरा राग आहे तो यावर चढवल्या जाणाऱ्या नैतिक मुलाम्यावर. एका धावेने जिंकणारा संघ म्हणे झुंजार, आणि एका धावेने हरणारा म्हणे मनाने कच्चा! हा स्वभावाचा गुण असता तर तो पुढच्या वर्षीही दिसला असता. बाल्टिमोर ओरिओल्सने २०१२ मध्ये असे २९ सामने जिंकले आणि फक्त ९ गमावले. त्यांच्या जिद्दीचे तेव्हा भरभरून गोडवे गायले गेले. २०१३ मध्ये व्यवस्थापक तेच बक शोवॉल्टर होते आणि शेवटच्या डावात चेंडू त्याच जिम जॉन्सनच्या हाती दिला जात होता, तरी एका धावेच्या सामन्यांत २० विजय आणि ३१ पराभव अशी गत झाली. गंमत म्हणजे त्या वर्षी संघाचा धावफरक अधिक ७ वरून अधिक ३६ वर गेला होता. संघ सुधारला होता आणि विजय मात्र ९३ वरून ८५ वर आले होते. शेवटच्या डावांत टाकणारे पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) उत्तम असतील तर अशा सामन्यांत थोडा फायदा होतो, हे मान्य. पण २९-९ एवढा फायदा कोणत्याही संघाला वर्षानुवर्षे टिकवता येत नाही.

आता खरी ठेच लागते ती जागा. धावफरक कळलेले लोकही पुढे म्हणतात, की पाद्रेसचे दहा विजय हुकले, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना दहा जास्तीचे मिळणार. नशिबाकडे अशी खतावणी नसते. हुकलेले विजय कोणी परत करत नाही; फक्त पुढचा अंदाज ८२ ऐवजी ९२ च्या जवळून सुरू करायचा असतो. त्याचप्रमाणे मार्लिन्सला कसलीही शिक्षा व्हायची नव्हती, त्यांचा अंदाज पंचाहत्तरीपासून सुरू व्हायला हवा होता, इतकेच. खेळाडूंची बेरीज-वजाबाकी करायची ती या पायावर. २०२४ मध्ये हुआन सोटो, ब्लेक स्नेल आणि जॉश हेडर असे तिघे मातब्बर सोडून गेलेले असतानाही पाद्रेसने ९३ सामने जिंकले. मार्लिन्स ६२ वर आले, पण ही सगळी घसरण धावफरकाने आधीच सांगितली होती असे म्हणणे लबाडीचे ठरेल. शस्त्रक्रियेमुळे त्यांचा प्रमुख पिचर सँडी अल्कान्तारा वर्षभर मैदानाबाहेर होता आणि फलंदाज लुईस अराइझला तर संघाने मे महिन्यातच पाद्रेसकडे धाडले. ८४ वरून पंचाहत्तरीपर्यंतचा उतार तेवढा आधी दिसत होता.

धावफरकालाही खोट आहे. एकतर्फी सामन्यात संघ खरे पिचर राखून एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू देतो आणि तिथे निघालेल्या धावाही हिशेबात सारख्याच वजनाने धरल्या जातात. तरीही दोन्ही आकडे समोर असताना मी आधी धावफरकच पाहीन.

याविरुद्ध हमखास पुढे केले जाणारे उदाहरण म्हणजे सिअ‍ॅटल मरिनर्स. २०२१ मध्ये उणे ५१ फरकावर त्यांनी ९० सामने जिंकले आणि २०२२ मध्ये पुन्हा बरोबर ९०, मग सूत्र खोटे ठरले की नाही, असे विचारतात. विचारणाऱ्यांनी २०२२ चा धावफरक पाहिलेला नसतो: तो अधिक ६७ होता. मधल्या काळात पिचर रॉबी रे आला होता, हुलिओ रॉड्रिगेझ पहिल्याच हंगामात तळपला होता आणि जुलैअखेरीस पिचर लुईस कास्टिलोही संघात दाखल झाला होता. आकडा तोच राहिला, पण दुसऱ्या वर्षीचे ९० विजय बऱ्याच वरच्या दर्जाच्या संघाने मिळवलेले होते.