घरमालकाचा विमा

भाड्याने दिलेल्या वास्तूतील मालकाचे आर्थिक हित जपणारा मालमत्ता विम्याचा प्रकार. राहत्या घराची पॉलिसी मालक तेथे स्वतः राहतो असे धरून आखलेली असते. घर भाड्याने दिले की जोखीम बदलते. हा बदल कंपनीला कळवला नसेल, तर आगीसारख्या साध्या घटनेचा दावाही अडकू शकतो.

या विम्यात सामान्यतः इमारत, मालकाने भाडेकरूच्या वापरासाठी ठेवलेले फर्निचर व उपकरणे, आणि मालकाच्या हलगर्जीपणामुळे कोणाला इजा झाल्यास येणारे कायदेशीर दायित्व यांचा समावेश होतो. भाडेकरूचे स्वतःचे सामान यात येत नाही. अनेक भाडेकरूंना हे नुकसान झाल्यावरच कळते. त्यांनी वेगळा विमा घ्यावा लागतो.

सर्वाधिक गैरसमज भाड्याच्या नुकसानीबद्दल असतात. आग, पूर अशा विमित संकटामुळे घर राहण्यायोग्य उरले नाही, तर दुरुस्तीच्या काळातील बुडालेले भाडे ठरावीक मुदतीपर्यंत मिळते. भाडेकरूने भाडे थकवले किंवा घर रिकामे पडून राहिले, तर हे संरक्षण लागू होत नाही. थकबाकीसाठी बहुधा स्वतंत्र जोडसंरक्षण घ्यावे लागते.

विमा रक्कम ठरवताना बाजारभाव हा आधार चुकीचा, कारण त्यात जमिनीची किंमतही असते आणि जमीन काही जळत नाही. आधार धरायचा तो पुनर्बांधणीच्या खर्चाचा. त्या खर्चाच्या 60 टक्के रकमेचाच विमा उतरवला असेल, तर सरासरीच्या कलमानुसार एका खोलीच्या नुकसानीचीही 60 टक्केच भरपाई मिळते. हप्ता वाचवायला कमी रक्कम दाखवणाऱ्यांना हे कलम पुरते नडते.

झीज, वाळवी, हळूहळू मुरणारे पाणी आणि देखभालीतील हयगय या गोष्टी बहुतेक पॉलिसींतून वगळलेल्या असतात. भाडेकरूने मुद्दाम केलेली मोडतोड काही पॉलिसींत समाविष्ट असते, काहींत नसते. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर सलग 30 किंवा 60 दिवस बंद राहिल्यास चोरी व पाणीगळतीचे संरक्षण थांबवणारी अटही आढळते.

भरपाई दिल्यावर प्रत्यासनाच्या तत्त्वाने मालकाचा वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. त्यामुळे आग भाडेकरूच्या निष्काळजीपणाने लागली असेल, तर मालकाला पैसे मिळाल्यानंतरही कंपनी भाडेकरूकडून वसुली मागू शकते. ही मुभा किती, हे स्थानिक कायदा आणि भाडेकरारातील शब्द ठरवतात.