त्या वादळानंतरही न्यूटन गुलामांचा व्यापार करत राहिले

अठराव्या शतकातले इंग्रज पाळक जॉन न्यूटन यांची साक्ष, म्हणजे ते विश्वासात कसे आले याची गोष्ट, अनेकदा अशी सांगतात: गुलामांच्या जहाजाचा कप्तान वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, गुलामांना सोडून दिलं आणि लगेच ‘अमेझिंग ग्रेस’ हे ख्रिस्ती भक्तिगीत लिहिलं. असं घडलेलं नाही.

वादळ झालं मार्च १७४८ मध्ये. न्यूटन तेव्हा कप्तान नव्हते. त्या जहाजावर हस्तिदंत, मेण, लाकूड असा माल होता. देवाचा धावा मात्र खरा. पण त्यानंतरच ते गुलामांच्या जहाजांचे कप्तान झाले! १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. पुढे ते पाळक झाले. गीत इंग्लंडमधल्या ओल्नी गावच्या चर्चमध्ये १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी आलं आणि व्यापाराविरुद्धची पुस्तिका थेट १७८८ मध्ये. तिच्यात त्यांनी आपला वाटा स्पष्ट कबूल केला, कबुलीला फार उशीर झाला हेही लिहिलं.

मला ही खरी गोष्टच जास्त धीर देते. ‘विश्वास ठेवला तरी जुनी चूक का टोचते?’ म्हणून कितीतरी जण स्वतःच्या विश्वासावरच शंका घेतात. बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र पापं ‘पदरी घ्यायला’, म्हणजे कबूल करायला, सांगतं. ती विसरायला नव्हे. न्यूटन यांनी तर क्षमेची खात्री असतानाच, साठी उलटल्यावर, त्या व्यापाराविरुद्ध सरकारी चौकशीत साक्ष दिली.