अंडरटोन्सच्या आधीचं डेरी

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ग्रीसचे डाग, खिळ्याला टांगलेल्या ट्यूब आणि 'उद्या संध्याकाळी या' एवढंच डोळ्यासमोर येतं. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, गाडी ठेवायची खोली. साठच्या दशकात तिथल्या शाळकरी पोरांनी असल्या खोल्यांत गिटार आणि ड्रम मांडून जो गोंगाट केला, त्याला पुढे 'गॅरेज' हेच नाव चिकटलं. त्यातली विस्मरणात चाललेली गाणी लेनी के या संगीत-पत्रकारानं १९७२ मध्ये 'नगेट्स' या दोन रेकॉर्डच्या संग्रहात एकत्र आणली. हा संग्रह ज्यांनी झिजेपर्यंत ऐकला त्यांत उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावची पाच पोरंही होती, पुढे 'अंडरटोन्स' या बँडच्या नावानं गाजलेली. त्यांच्या वस्तीत गॅरेज नव्हती, आणि पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं वेगवान, ओबडधोबड रॉक, हा शब्दही अजून पोचायचा होता.

गावाचं नाव घेतानाच पंचाईत होते. कॅथलिक 'डेरी' म्हणतात, ब्रिटनशी निष्ठा असलेले प्रोटेस्टंट 'लंडनडेरी'. कुठलंही उच्चारलं तरी तुमची बाजू ठरते. ही पोरं बॉगसाइड आणि क्रेगन या कॅथलिक वस्त्यांच्या परिसरातली, म्हणून इथे डेरी. ऑगस्ट १९६९ मध्ये बॉगसाइडमध्ये पोलीस आणि रहिवासी यांच्यात तीन दिवस चकमक चालली. ३० जानेवारी १९७२ ला नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी गेले, एक जखमी नंतर दगावला. जॉन ओ'नील तेव्हा चौदा वर्षांचा होता, त्याचा धाकटा भाऊ डेमियन अकरा. शाळेच्या वाटेवर सैनिकांची तपासणी होणं हा त्यांचा रोजचा दिवस होता.

संगीताच्या बाजूनं पाहिलं तर निर्णायक घटना तीन वर्षांनी घडली. ३१ जुलै १९७५ ला उत्तर आयर्लंडमधल्या बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतणाऱ्या 'मायामी शोबँड' या लोकप्रिय आयरिश बँडची व्हॅन ब्रिटननिष्ठ बंदूकधाऱ्यांनी लष्करी तपासणीचं सोंग करून थांबवली आणि तीन वादकांना ठार मारलं. बाहेरचे बँड आधीच बिचकत होते, आता यायचेच बंद झाले. ऑक्टोबर १९७७ मध्ये लंडनचा पंक बँड 'क्लॅश' उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टपर्यंत आला, पण अल्स्टर हॉलमधला कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. बेलफास्टची ही गत, तर डेरीला कोण येणार?

माझ्या मते अंडरटोन्सच्या यशाची गोष्ट या रिकामेपणातून सुरू होते. त्यांच्या धाडसाचं कौतुक पुष्कळ झालंय. पण संध्याकाळी जायला जागा नाही, ऐकायला बँड नाही, म्हणून आपणच वाजवायचं, यात धाडसापेक्षा कंटाळा जास्त होता. टपालानं येणाऱ्या रेकॉर्ड, 'एनएमई' हे संगीत साप्ताहिक आणि रात्री दहानंतर बीबीसी रेडिओ वनवर जॉन पीलचा कार्यक्रम, एवढाच बाहेरच्या जगाशी संबंध.

जॉन ओ'नील, त्याचा भाऊ व्हिन्सेंट, बास वाजवणारा मायकेल ब्रॅडली, ड्रमर बिली डॉहर्टी आणि गायक फर्गल शार्की हा पहिला संच. तालमी ओ'नीलांच्या घरी आणि शेजाऱ्याच्या शेडमध्ये. पहिल्या कार्यक्रमाआधीच व्हिन्सेंट बाहेर पडला. कारण काय, तर ओ-लेव्हल, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीची परीक्षा! जगात कुठेही जा, मधल्या भावाची गिटार बोर्डाच्या परीक्षेपुढे हरते. त्याच्या जागी डेमियन आला आणि संच पक्का झाला.

१९७६ मध्ये शाळा, चर्चचे हॉल आणि स्काउटच्या झोपड्या अशा ठिकाणी ते वाजवू लागले. शार्की स्वतः स्काउटमध्ये होता, आणि घरोघरी टीव्ही पोचवायची नोकरी करायचा. बँडला धड नावही नव्हतं. एका शाळेत निवेदकानं विचारलं तेव्हा शार्कीनं 'हॉट रॉड्स' असं ठोकून दिलं. 'अंडरटोन्स' हा शब्द पुढे डॉहर्टीला इतिहासाच्या पुस्तकात सापडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' या पंक बँडचा पहिला अल्बम आला आणि पोरांना उमगलं की दोन मिनिटांचं, तीन-चार कॉर्डचं गाणंसुद्धा पुरेसं असतं. शिवाय ते आपल्याला वाजवता येतं.

फेब्रुवारी १९७७ पासून गावातल्या 'कॅस्बा' या पबमध्ये ते नियमित वाजवू लागले. तिथे दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता स्वतःची तयार झाली. वेशभूषेच्या नावानं ठणठणाट होता. लंडनच्या पोरांसारख्या सेफ्टी पिना नाहीत, उभे रंगवलेले केस नाहीत. पार्का जाकीट, स्वेटर आणि घोट्याच्या वर आलेल्या पँटी. भाजी आणायला निघालेली मुलं वाटावीत. गाणी मुलींची, चुलतभावाच्या हेव्याची, उन्हाळ्याच्या सुट्टीची. बेलफास्टचे 'स्टिफ लिटल फिंगर्स' बॉम्ब आणि बंदुकांवर गात होते, हे मात्र दंगलीबद्दल अवाक्षर काढत नव्हते. त्यावरून टोमणेही बसले. मला यात पळपुटेपणा दिसत नाही. खिडकीबाहेर जे दिवसभर चालू आहे तेच संध्याकाळी पुन्हा गाण्यात कशाला, असं अठराव्या वर्षी वाटणं साहजिक आहे.

डेमो टेप कंपन्यांकडे गेल्या आणि नकार आले. १९७८ च्या मध्यापर्यंत बँड मोडायच्या बेतात होता. निदान एक रेकॉर्ड काढू आणि थांबू, असा विचार चालला होता. तेव्हा बेलफास्टचा टेरी हूली पुढे आला. लहानपणी खेळातल्या बाणानं त्याचा एक डोळा गेला होता. बॉम्बस्फोटांनी ओस पडलेल्या ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर त्यानं 'गुड व्हायब्रेशन्स' नावाचं रेकॉर्डचं दुकान थाटलं होतं आणि त्याच नावानं स्थानिक बँडच्या रेकॉर्ड काढायला नुकती सुरुवात केली होती. जूनमध्ये बेलफास्टच्या विझार्ड स्टुडिओत जेमतेम २०० पौंडांत चार गाणी ध्वनिमुद्रित झाली. पहिलं होतं जॉननं लिहिलेलं 'टीनेज किक्स', अडीच मिनिटांच्या आतलं.

या रेकॉर्डचं कव्हर मुद्दाम पाहण्यासारखं आहे. चिकटवलेल्या पाकिटाला पैसे नव्हते, म्हणून कागदाचा मोठा ताव छापून हातानं घड्या घालायच्या आणि आत तबकडी सरकवायची. त्यावर डेरीतल्या एका भिंतीचा फोटो आहे. भिंतीवर कुणीतरी अंडरटोन्स किती टाकाऊ आहेत हे शिव्यांसकट रंगवलं होतं. पोरांनी तेच कव्हरवर घेतलं. गावानं काढलेली ही लाज त्यांनी स्वतःच मिरवली, आणि ते कुठल्या मातीतले हे त्यांच्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा इथे जास्त कळतं.

हूली रेकॉर्ड घेऊन लंडनला गेला. मोठ्या कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. एक प्रत मात्र जॉन पीलकडे पोचली. सप्टेंबर १९७८ मध्ये पीलनं ते गाणं लावलं, आणि संपल्यावर लगेच पुन्हा लावलं. एकच रेकॉर्ड लागोपाठ दोनदा, हे बीबीसीवर जवळजवळ कधीच होत नसे. तो आवडत्या गाण्यांना पाचपैकी तारे द्यायचा. याला त्यानं अठ्ठावीस दिले. 'सायर' या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा मालक सिमूर स्टाइन यानं तो कार्यक्रम ऐकला. रामोन्स त्याच्याच कंपनीचे, आणि १९७६ मध्ये 'नगेट्स' पुन्हा बाजारात आणणारी कंपनीही तीच. त्यानं तातडीनं माणूस डेरीला धाडला आणि ऑक्टोबर उजाडताच सह्या झाल्या. तो महिना संपायच्या आत पोरं 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमात होती. गाणं ब्रिटनमधल्या रेकॉर्डच्या खपाच्या यादीत ३१ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

पुढचं थोडक्यात. मे १९७९ मध्ये पहिला अल्बम, १९८० मध्ये 'माय परफेक्ट कझिन' नवव्या क्रमांकावर. अमेरिकेचे दौरे झाले, तरी मन डेरीतच. घरची आठवण काढणारा बँड म्हणून त्यांची थट्टा व्हायची. शार्की आणि बाकीच्यांतलं अंतर वाढत गेलं, रेकॉर्ड खपेनाशा झाल्या आणि १९८३ मध्ये बँड मोडला. दोन वर्षांनी शार्की एकट्याच्या गाण्यानं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला.

न गायलेल्या दंगलीचा विषय मात्र तेवढ्यावर मिटला नाही. मे १९८१ मध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा, तुरुंगात उपोषण करणारा कैदी बॉबी सँड्स मेला. त्याच आठवड्यात 'इट्स गोइंग टु हॅपन' गायला अंडरटोन्स पुन्हा टीव्हीवर होते, आणि डेमियनच्या दंडाला काळी फीत होती. गाण्याचा रोखही त्या उपोषणाकडेच होता, पण तो इतका आडून की रेडिओवर ते बिनदिक्कत वाजलं. बँड मोडल्यावर जॉन आणि डेमियन यांनी 'दॅट पेट्रोल इमोशन' हा नवा बँड उभा केला. त्याच्या रेकॉर्डच्या कव्हरवर उत्तर आयर्लंडमधल्या अन्यायाबद्दलचे मजकूर सरळ छापलेले असत.